पुरात बुडालेली येझडी आणि सायलेन्सरमधला बोळा

सांगलीच्या गावभागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. थोडं कापून देतो:

‘वय ३१, नोकरी करते. बाबांची १९८४ सालची येझदी मोटरसायकल दारात उभी आहे. २०१९ च्या पुरात ती तीन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर बाबांनी ती पाइप लावून धुतली, प्लग काढून आत काहीतरी ओतलं, दोन्ही सायलेन्सरमध्ये कापडाचे बोळे कोंबले आणि “हिला कुणी किक मारायची नाही” असं सगळ्यांना बजावलं. पुढे गाडी उघडायला त्यांना सवडच मिळाली नाही. २०२१ मध्ये ते गेले. पुण्याचा भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक आहे, विकून मोकळी हो. आई काही बोलत नाही, पण दर दसऱ्याला गाडीला हार घालते. एक गॅरेजवाला म्हणतो, आधी सगळी खोलून रंग आणि क्रोम करू, इंजिन नंतर बघू, शिवाय व्हिंटेज नंबर काढून देतो. आरसी बुकावर शेवटचा शिक्का २०१४ चा आहे. मला ती चालवायची आहे. आजवर फक्त स्कूटर चालवली. किक तरी बसेल का मला?’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा प्लग आणि बोळ्यापाशी थांबलो. तुमच्या बाबांना गाडी कळत होती. पुरातून गाडी निघाली की शंभरातले नव्वद जण पहिलं काय करतात? किक मारून बघतात. कृष्णेचं पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, त्यात पिठासारखा बारीक गाळ असतो. तो पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे बसतो आणि त्यावर किक मारली की पाट्यावर वाटण वाटावं तसा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासला जातो. दहा-बारा किकांत सिलिंडरवर उभ्या रेघा. बाबांनी ते होऊ दिलं नाही. प्लगच्या भोकातून त्यांनी बहुतेक डिझेल नाहीतर ऑइल सोडलं असणार. आणि बोळे कशाला? ओल आत शिरू नये म्हणून, आणि कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधू नये म्हणून. म्हणजे निम्मं काम ते करून गेलेत. तुम्ही उरलेलं निम्मं करायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

माझं मत सरळ आहे: करा. पण गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या क्रमाच्या बरोबर उलट करा. कागद, इंजिन, ब्रेक, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग नाही केला तरी माझी हरकत नाही.

कागदापासून सुरुवात करा म्हणतो त्यालाही कारण आहे. गाडी बाबांच्या नावावर आहे, ती तुमच्या नावावर करायची तर वारसाचा नमुना ३१ भरावा लागतो, मृत्यूचा दाखला लागतो आणि आई व भावाची संमती लागते. म्हणजे भावाला टाळून हे काम होणारच नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे. त्याला फोनवर ‘विकायची नाही’ एवढंच ऐकवू नका. तो पुढच्या खेपेला आला की गाडीशेजारी खुर्च्या टाका आणि संमतीपत्र पुढे ठेवा. गिऱ्हाईक जी रक्कम देतंय त्यातला त्याचा वाटा तुम्ही हप्त्यानं देऊ शकता का, हेही मनाशी ठरवून ठेवा. असा विषय मांडला की बऱ्याचदा पैसे बाजूला राहतात आणि खरं कारण बाहेर येतं. मी अशी दोन घरं बघितली आहेत. एकात भावाला गाडी नको होती, वडिलांच्या टूलबॉक्समधला पाना हवा होता. दुसऱ्यात मात्र भावाला खरंच पैसेच हवे होते, तर ते देऊन टाकले. दोन्ही गाड्या आज चालतात.

व्हिंटेज नंबराचं बोलणं त्या माणसाकडून पुन्हा ऐकून घेऊ नका. केंद्राचा तो नियम २०२१ चा आहे आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होतो. तुमची १९८४ ची, म्हणजे २०३४ च्या आधी विषयच नाही. शिवाय त्या नियमात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मूळ गाडीत फेरफार केलेला चालत नाही आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला तर चालवायची आहे. तुमचा रस्ता साधा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, बाबांनी १९९९ पासून ते करत आणलेलं दिसतंय आणि २०१९ ला मुदत संपली. त्या वर्षी पूर आला, मग नूतनीकरण कोण करतंय. आता नूतनीकरणाचा नमुना २५, विलंबाचा दंड, पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट हे सगळं लागेल. पण गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून हे गाडी चालू झाल्यावर. आज करायचं ते एवढंच, की आरटीओत जाऊन नोंद संगणकावर चढलेली आहे का ते बघा. जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या बऱ्याच नोंदी रजिस्टरमध्येच राहून गेल्यात. तसं असेल तर आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते आणि तिला मूळ आरसी बुक लागतं. ते बुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, गॅरेजवाल्याच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.

अजून एक, आणि हे मी स्वतःच्या मूर्खपणावरून सांगतोय. माझ्या जुन्या गाडीची चासी मी एका ठिकाणी सँडब्लास्ट आणि पावडर कोटिंगला टाकली. काम झकास झालं, आरशासारखं. तपासणीला उभा राहिलो तर साहेब म्हणाले, चासी नंबर कुठंय? तो रंगाखाली बुजला होता. तिथंच उन्हात बसून पॉलिश पेपरनं दीड तास घासला आणि मग त्यावर कागद धरून पेन्सिलीनं छाप उमटवून दाखवली. तेव्हा कुणाच्याही हातात गाडी देण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्हींचे फोटो काढा, पेन्सिलीची छाप घ्या, आणि रंगाला टाकायच्या आधी नंबरावर जाड टेप लावून घ्या. इंजिनाचा चेंबर, म्हणजे ज्यावर नंबर असतो ते खालचं कवच, बदलायची वेळ आली तर नंबर बदलणार हेही मेस्त्रीला आधीच विचारा. काही जण सहज ‘दुसरा बसवतो’ म्हणतात, आणि मग आरसी एक, इंजिन दुसरंच.

आता इंजिन. येझदी म्हणजे २४८.५ सीसीची दोन-स्ट्रोक, एकाच सिलिंडरला दोन एक्झॉस्ट, म्हणून दोन सायलेन्सर. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी नावानं या गाड्या निघाल्या, १९९६ ला कारखाना बंद पडला. आपल्याकडे तिला येझडीच म्हणतात, मीही तसंच म्हणतो. २०२२ मध्ये येझदी नावानं ज्या नव्या गाड्या आल्या त्या चार-स्ट्रोक आहेत, त्यांचा एक स्क्रूसुद्धा तुमच्या इंजिनाला लागणार नाही. शोरूममध्ये जाऊन पार्ट मागू नका, माझा एक मित्र मागून आला होता.

दोन-स्ट्रोकचं वैशिष्ट्य असं, की तिच्या खालच्या चेंबरमध्ये बुलेटसारखं ऑइल भरलेलं नसतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण त्याच चेंबरमधून वर जातं आणि त्यात मिसळलेल्या टूटी ऑइलवर (दोन-स्ट्रोकसाठीचं ऑइल) क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग सगळं जगतं. त्यामुळे पुराचं पाणी कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून आत गेलं की ते तळाशी, नेमकं क्रँकच्या रोलर बेअरिंगपाशी जाऊन बसतं. बाबांनी प्लगमधून सोडलेलं तेल पिस्टनच्या डोक्यावर राहिलं असेल. खाली किती झिरपलं, ते उघडल्यावरच दिसेल. म्हणून वरचा भाग ठणठणीत आणि खालचा गंजलेला, असं निघू शकतं. मनाची तयारी ठेवा.

उघडण्याआधी प्लग काढून थोडं टूटी ऑइल आणि डिझेल एकत्र करून आत सोडा आणि चार-पाच दिवस तसंच राहू द्या. मग मेस्त्री हेड आणि सिलिंडर काढेल. हेड काढल्यावर तुम्ही स्वतः तिथं हजर राहा. सिलिंडरच्या आतून बोट फिरवा. नखाला रेघ लागली तर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागेल. रेघ नुसती दिसते पण नखाला लागत नाही, तर होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासून घेण्यावर, भागतं. मग कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. बाजूला थोडं डुलणं ठीक, पण वर-खाली टक् असा आवाज आला, किंवा क्रँक फिरवताना खरखर लागली, तर चेंबर फोडायचा, क्रँक प्रेसवर उघडायचा, रॉड किट बदलायचं आणि डायल गेजवर सरळ करून घ्यायचा. हे काम गल्लीतल्या गॅरेजचं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवाले आहेत, तिथं मेस्त्रीसोबत जा. चेंबर उघडलाच आहे तर क्रँकची दोन्ही ऑइल सील डोळे झाकून नवी टाका. जुनी चांगली दिसली तरी नवी. एका बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून गाडी पांढरा धूर ओकते, दुसऱ्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत घेते, मिश्रण पातळ होतं आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

सायलेन्सर सोडवून मधल्या जाळ्या काढा. पस्तीस वर्षांचा तेलकट काजळ आत डांबरासारखा बसला असेल. लोखंडी जाळ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवल्या की तो सुटतो. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पाण्याच्या जवळ नेऊ नका, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो. एका पोरानं कार्ब्युरेटर टाकला होता. सकाळी बादलीत राखाडी लगदा.

ब्रेकचे लायनर पुरात भिजले की पत्र्यापासून सुटतात, म्हणून ते नवेच. चाकांची बेअरिंग नवी. वायरिंग वरून चांगलं दिसलं तरी टोकाला सोलून बघा, तांबं हिरवं पडलेलं असेल तर पूर्ण हार्नेस बदला. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

टाकीवर मात्र बोलायचंय. आतून गंजली असणार. तांब्याचं भांडं आपण चिंचेनं घासतो, तत्त्व तेच. बाजारातलं पांढरं व्हिनेगर टाकीत भरून एक-दोन दिवस ठेवा, मूठभर नट-बोल्ट आत टाकून अधूनमधून हलवा. मग ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, लगेच कोरडी करा आणि पेट्रोल-ऑइल आत फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडी. खरा घोळ त्यानंतर आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं. चार पैसे शेतकऱ्याला मिळत असतील तर मी कशाला नावं ठेवू, पण १९८४ च्या गाडीला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जुनं रबर फुगवतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी जमतं. त्यामुळे पेट्रोलचा पाइप आणि कॉकचे वॉशर आजच्या पेट्रोलला टिकणारे घ्या, गाडी लावली की कॉक बंद करायची सवय लावा आणि पावसाळ्यात चालवणार नसाल तर टाकी रिकामी करा.

मेस्त्री कोण, असं विचाराल. तंबोऱ्याची जवारी काढणारा माणूस मिरजेत शोधावा लागत नाही, पण दोन-स्ट्रोकचा कान असलेला मेस्त्री आता शोधावा लागतो. पन्नाशीच्या पुढचा बघा. परीक्षा सोपी आहे. ‘एकूण किती खर्च येईल?’ असं विचारा. इंजिन न उघडताच जो आकडा सांगेल त्याला नमस्कार करून घरी या. जो म्हणेल ‘उघडल्यावर सांगतो’, त्याच्याशी बोलणं सुरू करा. मजुरी वेगळी, पार्ट वेगळे आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात भरून परत, हे तिन्ही आधी ठरवा. जुने पार्ट परत मागण्यात संशय घेण्यासारखं काही नाही. त्या काळचं मूळ लोखंड आजच्या नकली पार्टपेक्षा अनेकदा सरस असतं, घासून-पुसून पुन्हा लागतं.

आणि रंग? पत्र्याला जिथं गंज खात असेल तिथं रेड ऑक्साइड मारून थांबवा. बाकी राहू द्या. टाकीवर बाबांच्या गुडघ्यानं घासून रंग गेलेला असेल तर तो रंगारी एका दुपारीत नाहीसा करील, पुन्हा आणता येणार नाही. वर्षभर गाडी चालवा, मग वाटलं तर करा. आधी रंग केलेल्या आणि इंजिनासाठी पैसे न उरलेल्या चकचकीत गाड्या मी किती तरी अंगणांत बघितल्या आहेत. साताऱ्यात आमच्याच गल्लीत एक आहे, तिच्यावर कुंडी ठेवली आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. किक बसेल, आणि छान बसेल. येझडीची किक बुलेटसारखी पायाला झटका देत नाही. गंमत अशी, की या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. मधल्या स्टँडवर उभी करा, किल्ली बंद ठेवून दोनदा हळू किक मारा म्हणजे मिश्रण वर जाईल, मग किल्ली चालू करून एक सलग, भरलेली किक. ताकदीचं काम नाही. मात्र लायसन्स काढून बघा. तुमचं स्कूटरवर काढलेलं आहे, त्यावर ‘विदाउट गिअर’ असेल तर गिअरच्या गाडीसाठी नवा वर्ग जोडून घ्यावा लागेल. शिकायला येझडी घेऊ नका, कुणाची तरी साधी शंभर सीसीची घ्या. क्लच-गिअरचं अंगवळणी पडलं की मग हिच्याकडे या.

रनिंग-इनमध्ये, म्हणजे इंजिन नव्यानं बांधल्यावर ते रुळेपर्यंत, लिटरभर पेट्रोलला ५० मिली टूटी ऑइल, पुढे ४० मिली. मेजरिंग कप डिकीत ठेवा, अंदाजपंचे नको. पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पंचेचाळीसच्या वर नाही, आणि एकाच वेगात लांबवर नाही. पहिली फेरी हरिपूर. संगमेश्वराच्या देवळापर्यंत जा, दहा मिनिटं उभी करा, इंजिनाखाली तेलाचा थेंब पडतो का बघा आणि परत या. मग एखाद्या रविवारी नरसोबावाडी. गळितात उसाच्या ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा नसतो आणि येझडीची सहा व्होल्टची लाइट म्हणजे देवघरातली समई, तेव्हा दिवे लागायच्या आत घरी.

घाट उतरण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण स्कूटरवाल्याला ते माहीत नसतं. या गाडीला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून उतारावर सोडली की इंजिन फिरतंय जोरात आणि तेल मात्र येत नाही. मी एकदा कासहून येताना यवतेश्वरचा घाट असाच मजेत उतरलो. समर्थ मंदिराच्या अलीकडे चिर्र असा बारीक आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पिस्टन धरला होता. नशीब, की क्लच हातात होता आणि मागे कुणी नव्हतं. त्यानंतर उतारावर दर थोड्या वेळानं एक हलका रेस देतो, आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात. तोपर्यंत रनिंग-इन झालं असेल तर जा, पार्टचे पत्ते तिथंच मिळतात.

मेस्त्री सायलेन्सर काढेल तेव्हा बोळे त्याला फेकू देऊ नका. कशाचे निघाले ते मला कळवा. माझा अंदाज जुन्या बनियनचे.